फोटो हवा तर दामही द्या

गणपतीचे दिवस जवळ आले की लालबाग, परळ, गिरगावातल्या फोटोग्राफर पोरांचे फोन वाजू लागतात. आगमनाला येशील का? मंडपाचे चार फोटो काढशील का? विसर्जनाला मिरवणुकीबरोबर राहशील का? पैशांचा विषय निघाला की पलीकडून ठरलेली उत्तरं येतात. बाप्पाची सेवा आहे. आपलंच मंडळ आहे. पेजवर नाव टाकू, त्यात तुझंच भलं आहे. पोरगा तरीही घुटमळला, तर शेवटचं अस्त्र बाहेर पडतं : तू नाही तर दुसरा येईल, हल्ली कॅमेरा कुणाकडे नाही?

गणपती हे वर्षातलं सर्वांत मोठं निमित्त, एवढंच. दादरच्या हॉलमधलं पुस्तक प्रकाशन असो, गिरगावची पाडव्याची शोभायात्रा असो, परळच्या शाळेचं स्नेहसंमेलन असो की नव्या नाटकाची प्रसिद्धी, बोलणी याच वळणावर जातात. मागणाऱ्यांनी असं बोलावं हे समजू शकतं. त्यांना चार पैसे वाचवायचे असतात. पण या धंद्यात वर्षं काढलेली जाणती माणसंही नव्या पोरांना हाच सल्ला देतात, तेव्हा त्याला उत्तर द्यावंच लागतं. ‘सुरुवातीला फुकट काम करावंच लागतं, त्यातून ओळखी होतात, मग पैसे आपोआप येतात,’ असा तो सल्ला. मी स्वतः याच भागात कॅमेरा घेऊन फिरतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकणाऱ्या पोराचं तर नुकसान करतोच, पण या सगळ्या वस्तीचंही करतो, असं माझं ठाम मत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपलं काम कुणाला फुकट द्यायचं, हे ठरवण्याचा हक्क फोटोग्राफरचा आहे. ते फुकट मागण्याचा हक्क कुणालाच नाही. आणि द्यायचं की नाही हे ठरवताना एकच प्रश्न पुरतो : या कामासाठी बोलावलेले बाकीचे सगळे फुकट राबताहेत का? राबत असतील तर आपणही खुशाल राबावं. त्यांच्यातल्या कुणाला पैसे मिळत असतील, तर आपल्यालाही मिळालेच पाहिजेत.

आता एकेक मुद्दा घेऊ. सगळ्यांत वजनदार मुद्दा सेवेचा, म्हणून तोच आधी.

लालबाग-परळमध्ये सेवा हा पोकळ शब्द नाही. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सव तर थेट १८९३ चा. ही परंपरा कार्यकर्त्यांच्या घामावर उभी आहे. नोकरीतून रजा काढून, घरचा गणपती भावावर सोपवून, दहा-दहा रात्री जागणारी माणसं इथे घराघरांत आहेत. त्यांना कुणी एक पैसा देत नाही आणि ते मागतही नाहीत. मग फोटोग्राफरनेच का मागावा?

उत्तर मंडळाच्याच जमाखर्चात आहे. परळच्या कार्यशाळेतला मूर्तिकार पैसे घेतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मंडप घालणारा डेकोरेटर, विजेचं काम करणारा, साउंडवाला, मूर्तीसाठी ट्रॉली देणारा, दादरच्या बाजारातला फुलवाला, सुपारी घेऊन वाजवायला येणारी बेंजो पार्टी, या सगळ्यांना पैसे मिळतात. यांच्यातला मूर्तिकार कमी भाविक असतो का? मूर्ती घडवताना त्याचा भाव कमी पडतो का? पैसे घेतल्यानं त्याची भक्ती उणावत नाही, असं आपण सगळेच मानतो. तोच न्याय फोटोग्राफरला लावायची वेळ आली की मात्र बाप्पाचं नाव पुढे केलं जातं. मूर्तिकाराच्या बाबतीत दाम आणि भक्ती एकत्र नांदतात, तर फोटोग्राफरच्या बाबतीत त्या दोघांत भांडण का लावायचं?

यावर कुणी ढोल-ताशा पथकांचा दाखला देतं. पथकातली मुलं-मुली महिना-दोन महिने सराव करतात, खांद्याला वळ पडेपर्यंत वाजवतात आणि खिशात काही पडत नाही. दाखला खरा आहे, म्हणून नीट पाहायला हवा. वादकाला पैसे मिळत नसले तरी पथक बहुतेक वेळा मानधन घेतं. त्यातून ढोलांची पानं बदलली जातात, टेम्पोचं भाडं निघतं, उरलेलं अनेक पथकं समाजकार्याला देतात. ढोल पथकाचा, दुरुस्ती पथकाची, निर्णयही पथकाचा. फोटोग्राफर आपला ढोल स्वतः विकत घेऊन येतो, तो फुटला तर स्वतः शिवतो, आणि त्याच्या नावानं कुणीही मानधन घेतलेलं नसतं. पथकाला दिलं जातं तेवढंच फोटोग्राफरलाही द्या. पुढे ते घरी न्यायचं की दान करायचं, ते त्याचं तो पाहील.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. आपल्या चाळीचा गणपती असेल, आपणही त्या मंडळाचे सभासद असू, सकाळी महाप्रसादाच्या पातेल्यापाशी उभे राहून संध्याकाळी कॅमेरा हातात घेत असू, तर ते कार्यकर्त्याचं काम आहे, आणि कार्यकर्ता बिल लावत नाही. पण तीन गल्ल्या पलीकडच्या मंडळानं, आपलं काम पेजवर पाहून, फोटोग्राफर म्हणून बोलावलं असेल, तर ते गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकानं नातं सांगितलं म्हणून ते घरचं होत नाही.

या कामाला लागतं काय, हेही एकदा जवळून पाहू. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि भरती-ओहोटीच्या गणितात लालबागच्या राजाचं विसर्जन ७ तारखेच्या रात्री झालं. मिरवणुकीबरोबर शेवटपर्यंत राहायचं ठरवणाऱ्यानं असे तास गृहीत धरूनच निघावं लागतं. गळ्यात दोन कॅमेरे : एकावर जवळचं टिपणारी रुंद लेन्स, दुसऱ्यावर लांबची. पाऊस कधीही येतो म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड. श्रॉफ बिल्डिंगसमोर पुष्पवृष्टी होते तेव्हा मूर्तीचा चेहरा आणि वरून येणाऱ्या पाकळ्या एका चौकटीत यायला हव्या असतील, तर कुठे उभं राहायचं हे आधीच हेरून ठेवलेलं असावं लागतं. तिथे पोहोचून जागा शोधू म्हटलं तर गर्दी पाऊल टाकू देत नाही. गुलाल लेन्सच्या झूमच्या रिंगेत शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी रिंग फिरवली की करकर असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे सर्व्हिसिंगचा खर्च. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली एक रॉ फाइल ४०-५० एमबीची असते. दिवसाला २००० फ्रेम काढल्या तर ८० ते १०० जीबी माल जमतो, आणि तो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा लागतो, कारण एक कधी दगा देईल सांगता येत नाही. मग त्या दोन हजारांतून साठ निवडायचे, रंग सुधारायचे आणि कार्यकर्त्यांचा ‘फोटो कधी देतोस?’ हा फोन यायच्या आत पाठवायचे. चांगल्या कॅमेऱ्याच्या यांत्रिक शटरचं आयुष्यसुद्धा मोजलेलं असतं. कंपन्या साधारण दोन ते चार लाख क्लिकचं सांगतात. म्हणजे फुकट काढलेला प्रत्येक फोटो पोरानं हप्त्यावर घेतलेल्या यंत्राचं आयुष्य झिजवत असतो. चार फोटो मागणाऱ्याला हे माहीत नसेल, तर सांगायला हवं. माहीत असूनही तो फुकट मागत असेल, तर त्याला सेवेचं नाव देऊ नये.

दुसरा मुद्दा : नाव देऊ. हा मुद्दा ऐकायला गोड आहे आणि सगळ्यांत जास्त पोरं त्यालाच भुलतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ वाचा. आपल्या कृतीचा कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क कर्त्याला आहे, आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी हा हक्क उरतो. फोटोखाली नाव येणं ही मुळात फोटोग्राफरचीच गोष्ट आहे. जे आधीच त्याचं आहे तेच त्याला मोबदला म्हणून द्यायचं, याला व्यवहार कसं म्हणायचं? शिवाय नावाची किंमत नाव देणाऱ्याच्या वागण्यावरून कळते. पेजवर फोटो चढतो तेव्हा मंडळाचा लोगो मोठा, प्रायोजकाचा त्याहून मोठा, आणि फोटोग्राफरचं नाव ओळींच्या तळाशी, ‘आणखी वाचा’ दाबल्याशिवाय न दिसणारं. दुसऱ्या पेजवर तोच फोटो गेला की ते नावही गळतं.

मुंबईनं या बाबतीत एक फार बोलकं उदाहरण पाहिलेलं आहे. छायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि त्यांचे सुरुवातीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले. एका फोटोला एक रुपया मिळत असे. पुढे ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांचं काम येऊ लागलं, तेव्हा त्या अनोळखी आणि बाई म्हणून बरेच फोटो त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावावर छापले गेले. नाव न देणं हा त्यांच्यावरचा अन्यायच होता. पण त्या काळीही फोटोला दाम द्यायचा असतो, हे छापणाऱ्याला ठाऊक होतं. आज आपण उलट्या टोकाला आलो आहोत. नाव देण्याचं आश्वासन द्यायचं आणि तो एक रुपयासुद्धा गिळायचा. होमाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्या मोठ्या झाल्या त्या कामामुळे, आणि काम टिकलं ते त्याचे पैसे मिळत गेल्यामुळे. ‘आधी फुकट, मग नाव, मग पैसा’ ही चढण त्यांच्या आयुष्यात दिसत नाही.

फोटो हा या शहरात सुरुवातीपासूनच पोटापाण्याचा धंदा आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ चालवला. दादरमध्ये जे. एच. ठक्कर कराचीहून निर्वासित होऊन आले आणि १९४८ मध्ये त्यांनी इंडिया फोटो स्टुडिओ काढला. सिनेमातले मोठमोठे तारे त्यांच्या दिव्यांसमोर बसले. यातलं काहीही सेवेच्या नावावर उभं राहिलेलं नाही.

तिसरा मुद्दा कायद्याचा. तो सहसा कुणी काढत नाही, पण मंडळांनी आणि आयोजकांनी तर तो जरूर समजून घ्यावा. कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस, आणि कलम १७ प्रमाणे कर्ता हाच कॉपीराइटचा पहिला मालक. याला जे अपवाद आहेत त्यांतला एक असा की, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी सांगणाऱ्याकडे जाते. नोकरीत काढलेल्या फोटोंचीही साधारण तीच गत. आता विचार करा : मोबदलाच दिला नसेल, तर सांगणाऱ्याला मालकी मागायला आधार कुठला? आणि कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. फोनवर ‘हो रे, वापरा’ म्हटल्यानं तो जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो.

याचा अर्थ साधा आहे. फुकट घेतलेला फोटो प्रायोजकाच्या कमानीवर, बिल्डरच्या दिनदर्शिकेवर किंवा पुढाऱ्याच्या शुभेच्छांच्या बॅनरवर जातो, तेव्हा बहुतेक वेळा तो देणाऱ्याच्या मालकीचाच नसतो. मंडळाची गोष्ट सेवेची म्हणावी, तर कमानीवरची जाहिरात सेवेची कशी? ती जागा तर रोख पैसे घेऊन दिलेली असते. पैसा त्या फोटोभोवती फिरतोच. फक्त काढणाऱ्यापर्यंत येत नाही. हक्क आपल्या हाती राहिला पाहिजे, हे जगातल्या थोर फोटोग्राफरांना फार आधी उमगलं होतं. आंरी कार्तिये-ब्रेसाँ, रॉबर्ट कापा, डेव्हिड सिमूर आणि जॉर्ज रॉजर यांनी १९४७ मध्ये ‘मॅग्नम’ ही सहकारी संस्था काढली, ती फोटोंची मालकी छापणाऱ्याकडे न जाता काढणाऱ्याकडेच राहावी यासाठी. दोन महायुद्धांच्या सावलीतून आलेली ही माणसं पैशाच्या मागे लागलेली होती, असं कुणी म्हणणार नाही. स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा असल्याशिवाय मनासारखं काम करता येत नाही, हे त्यांना कळलं होतं.

चौथा मुद्दा : कॅमेरा तर सगळ्यांकडेच आहे. खरं आहे. मंडपात उभ्या असलेल्या हजार माणसांकडे हजार मोबाइल असतात, आणि त्यांतले काही फोटो उत्तमही निघतात. मग तेच वापरा. त्याला कुणाची हरकत आहे? पण ते न वापरता फोन फोटोग्राफरलाच केला जातो. अंधाऱ्या मंडपात मूर्तीच्या डोळ्यांतला भाव नेमका यायला हवा असतो, नेमक्या क्षणी नेमक्या जागी माणूस उभा असायला हवा असतो, दुसऱ्या दिवशी साठ फोटो निवडून हातात हवे असतात. हजार मोबाइल असूनही एका माणसाची गरज भासते, यातच त्या माणसाच्या कामाची किंमत सिद्ध होते. मे २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकानं आपले सगळे २८ फोटोग्राफर एका झटक्यात घरी पाठवले आणि बातमीदारांनाच फोनवर फोटो काढायला लावलं. काढलेल्यांत पुलित्झर विजेते जॉन व्हाइटही होते. तिथे निदान जायला नोकऱ्या होत्या. आपल्याकडे फुटकळ कामांवर जगणाऱ्या बहुतेक पोरांना नोकरी कधी मिळालेलीच नसते. वाचकांचे फोटो फुकट मिळतात म्हणून वर्तमानपत्र हात आखडतं, मंडळ त्याचा कित्ता गिरवतं, आणि ‘कॅमेरा तर सगळ्यांकडेच आहे’ हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून मिरवत राहतं.

आता शेवटचं अस्त्र : तू नाही तर दुसरा. माझ्या मते हा सगळ्यांत निष्ठुर मुद्दा आहे, आणि तो गिरणगावात उच्चारला जावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या वस्तीनं मजुरीसाठी काय काय केलं, याची आठवण करून द्यायला नको. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. १९२८ चा संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्याची किंमत या गल्ल्यांनी पिढ्यान् पिढ्या मोजली. गिरणीत ‘बदली’ नावाचा एक वर्ग असे. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर घरी परत. कायम कामगारांवर दबाव ठेवायला मालकांना या बदल्यांचा चांगला उपयोग होई. पण ज्या दिवशी काम मिळे त्या दिवसाची मजुरी बदलीलाही मिळत असे. ‘नाव होईल, म्हणून आज फुकट माग चालव,’ असं त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गेटवर काय झालं असतं, हे लालबागच्या माणसाला सांगायला नको. त्याच कामगारांची नातवंडं आज कॅमेरा घेऊन उभी आहेत, आणि त्यांना बदलीपेक्षाही खालच्या अटीवर बोलावलं जातंय.

आणि फुकट काम करायला येणारा तो ‘दुसरा’ असतो तरी कोण? ज्याच्या घरून कॅमेऱ्याचा हप्ता भरला जातो, ज्याला महिनाअखेर घरात पैसे द्यावे लागत नाहीत, तो वर्ष-दोन वर्षं फुकट काम करू शकतो. ज्याचे वडील कुठल्याशा टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत, त्याला ते परवडत नाही. म्हणून ‘सुरुवातीला फुकट करावंच लागतं’ हा सल्ला ऐकायला सगळ्यांसाठी सारखा वाटला, तरी दार एकालाच उघडतो. चाळीतल्या हुशार पोराला तो बाहेर ठेवतो. दहा वर्षांनी या भागाचे फोटो काढणारा एकही माणूस या भागातला उरला नाही, तर त्याची सुरुवात या सल्ल्यातच झालेली असेल.

याचं नुकसान वस्तीला कसं होतं, ते मंडळांच्या स्मरणिकांत पाहता येईल. अमृतमहोत्सव किंवा शताब्दी आली की जुन्या फोटोंची शोधाशोध सुरू होते. कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेतून एक कृष्णधवल प्रिंट निघते, पाठीवर स्टुडिओचा रबरी शिक्का, कोपरा वाळवीनं खाल्लेला. ती प्रिंट राहिली, कारण कुणी तरी पैसे देऊन फोटो काढून घेतला होता आणि स्टुडिओनं निगेटिव्ह सांभाळली होती. आज दर वर्षी लाखो फोटो निघतात, पण पन्नास वर्षांनी त्यांतले किती सापडतील? फुकट काढलेल्या फोटोची हार्ड डिस्क कोण सांभाळणार? पोरगं दोन-तीन वर्षांत कंटाळून दुसऱ्या नोकरीला लागतं, डिस्क बंद पडते, आणि पेजवर उरलेली बारीक, दाबलेली प्रत छापायच्या लायकीची नसते. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, चाळी एकामागून एक पडताहेत. या बदलाचे साक्षीदार आपल्याला हवे असतील, तर ते या धंद्यात टिकले पाहिजेत. शंभर वर्षांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळानं त्या परंपरेची नोंद ठेवणाऱ्याला उपाशी ठेवणं, हा स्वतःच्याच इतिहासावरचा अन्याय आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं. काही ज्येष्ठ व्यावसायिक म्हणतात, एकही फोटो कधीही फुकट काढायचा नाही. काढणारा धंदा बिघडवतो. हेही मला पटत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं कॅमेऱ्यात धरलं. ते कुणी बिल चुकतं करण्याच्या बोलीवर सांगितलेलं काम नव्हतं. विषय त्यांनी निवडला होता, आणि तो त्यांनी तडीला नेला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या संस्थेची प्रायोगिक नाटकं होत, तिथे येणारा माणूस पैशांसाठी येत नसे, नट, दिग्दर्शक, पडदा ओढणारा, सगळे एकाच पंगतीत. अशा ठिकाणी फोटोग्राफरनं दरपत्रक काढणं शोभलं नसतं. शेजारच्या आजोबांचा वरच्या खोलीत टांगायचा शेवटचा फोटो, घर गेलेल्या भाडेकरूंचा मोर्चा, शाळेच्या दाखल्यासाठी एखाद्या पोराचा पासपोर्ट फोटो, यांचे पैसे मी घेत नाही आणि कुणी घेऊ नयेत. या सगळ्या ठिकाणी निर्णय फोटोग्राफरचा असतो, आणि त्याच्या कष्टांवर दुसरा कुणी कमावत नसतो. या दोन गोष्टी असल्या की फुकट दिलेलं काम दान ठरतं. त्या नसतील तर ती वेठ आहे, मग तिला कितीही सुंदर नाव द्या.

मग करायचं काय? मंडळांना, संस्थांना, नाट्यनिर्मात्यांना माझी विनंती आहे : यंदाचं अंदाजपत्रक मांडाल तेव्हा मंडप, मूर्ती, वीज, साउंड यांच्याखाली ‘फोटो’ अशी एक ओळ घाला आणि तिच्यापुढे खरी रक्कम लिहा. ती मोठी नसेल तर छोटी लिहा, पण लिहा. तेवढीही ऐपत नसेल तर तसं सरळ सांगा. लहान मंडळाच्या अडचणी इथल्या पोरांना कळतात. फोटो कुठे वापरणार, प्रायोजकाला देणार का, किती काळ वापरणार, हे अर्ध्या पानावर लिहून द्या. आणि नाव फोटोवरच द्या, शेवटच्या ओळीत नको.

नव्या पोरांनाही सांगणं आहे. दर ठरवा आणि कुणी विचारायच्या आधी लिहून ठेवा : अर्ध्या दिवसाचा, पूर्ण दिवसाचा, विसर्जनाच्या रात्रीचा. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख देऊ नका. फुकट द्यायचं ठरवलंच, तर खऱ्या दराचं बिल करा, त्याखाली शंभर टक्के सूट लिहा आणि ते पाठवा. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे. पैसे घ्याल तेव्हा कॉपीराइट कुणाकडे राहणार हे करारात लिहून घ्या, नाहीतर कायदा तो समोरच्याला देऊन मोकळा होईल. आणि आपल्या वयाच्या दुसऱ्या पोरांशी दराबद्दल बोला. एका गल्लीतल्या पाच जणांनी एकच किमान दर धरला, तर ‘तू नाही तर दुसरा’ या वाक्यातला दुसरा सापडेनासा होईल. या वस्तीला संघटना म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही.

कामाचा दाम मागणं म्हणजे लोभ, ही समजूत या मातीतली नाही. इथल्या बापजाद्यांनी मजुरी मागितली ती ताठ मानेनं, आणि सणही साजरे केले ते त्याच मानेनं. पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा नम्रपणे, बाप्पाचं नाव घेऊन, दर सांगा. सेवा करायची असेल तर ती कधी आणि कुठे करायची, ते तुम्ही ठरवा.